मगनवाडीतला हिशेब

वर्धा शहरातील मगनवाडी ही मूळची जमनालाल बजाज यांची संत्र्यांची बाग. १९३४ च्या डिसेंबर महिन्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालालजींनी सुमारे २० एकरांची ही बाग, तिच्यातील घरासह, संघाच्या स्वाधीन केली. गांधीजींचे निकटचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ या जागेला मगनवाडी हे नाव देण्यात आले. संघाचे अध्यक्षपद वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू यांच्याकडे होते. चिटणीस आणि संघटक म्हणून जी व्यक्ती तेथे राहावयास आली, ती मात्र वर्ध्याला सर्वस्वी अनोळखी होती. तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबशास्त्र आणि न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकलेले जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे या बागेत तेलाचा घाणा, पिठाचे जाते, भात सडण्याचे उखळ आणि मधमाश्यांच्या पेट्या यांच्या अभ्यासात घालवली.

अन्नप्रक्रिया उद्योगात बौद्धिक भांडवलाचे महत्त्व किती, याची चर्चा अलीकडे वारंवार होते. या भांडवलात प्रामुख्याने संशोधन, प्रशिक्षित माणसे, कार्यपद्धती आणि एकस्व हक्क यांची गणना केली जाते. कुमारप्पांनी हा शब्द वापरला नाही. तथापि खेड्यातील तेली, गूळ करणारा, भात सडणारी स्त्री आणि मधपाळ यांच्या हाती असलेले ज्ञान ही राष्ट्राची ठेव आहे, ती प्रयोगाने वाढवता येते आणि दुर्लक्षाने बुडूही शकते, हे त्यांनी ज्या काटेकोरपणे मांडले, तसे त्या काळात फार थोड्यांनी मांडले असेल. ही मांडणी एका हिशेबनिसाच्या हातून झाली, यातच तिचे वैशिष्ट्य आहे.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे झाला. वडील सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरीस होते. घरात शिस्त, शिक्षण आणि धर्मनिष्ठा यांचा वारसा होता. भावंडांपैकी जे. एम. कुमारप्पा हे पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक झाले, तर धाकटे भरतन् कुमारप्पा वर्ध्यालाच येऊन ग्रामोद्योगाच्या कामात सहभागी झाले. जोसेफ यांनी लंडनमध्ये हिशेब तपासनिसाचे शिक्षण पूर्ण केले, काही वर्षे तेथेच काम केले आणि १९१९ मध्ये मायदेशी परतून मुंबईत व्यवसाय मांडला. कॉर्नेलियस आणि दावर या नावाची त्यांची पेढी चांगली चालत होती. राहणी पूर्णतः युरोपीय होती. पुढे देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडण्याची वेळ आपल्यावर येईल, असे त्या काळी त्यांना वाटण्याचे काही कारण नव्हते.

ती वेळ अमेरिकेत आली. १९२७ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी तेथे गेले. सिराक्यूज विद्यापीठाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. भारत गरीब का, या विषयावर त्यांनी दिलेल्या एका व्याख्यानाचे वृत्त वर्तमानपत्रात आले आणि ते त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या वाचनात आले. सार्वजनिक वित्तव्यवहार आणि देशाचे दारिद्र्य यांचा संबंध हाच प्रबंधाचा विषय घ्यावा, असे त्यांनी सुचवले. सरकारी अंदाजपत्रकांतील आकडे तपासता तपासता इंग्रजी राजवटीच्या कल्याणकारी प्रतिमेवरील कुमारप्पांचा विश्वास उडाला. आकड्यांवर श्रद्धा असलेल्या माणसाचे मन आकड्यांनीच पालटले.

१९२९ मध्ये परतल्यावर हा प्रबंध प्रसिद्ध करण्याच्या खटपटीत ते गांधीजींपर्यंत पोहोचले. ९ मे १९२९ रोजी साबरमतीला त्यांची पहिली भेट झाली. भारी सुटात आलेल्या या पाहुण्याने शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून गांधीजींशी बोलणे केले आणि त्या बैठकीत त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. गांधीजींनी प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमशः छापण्याचे मान्य केले आणि त्याबरोबरच गुजरातच्या एखाद्या तालुक्याची आर्थिक पाहणी करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्यात गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह घरोघर हिंडून त्यांनी ती पाहणी पूर्ण केली. याच सुमारास त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव मागे टाकून कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव स्वीकारले. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात 'यंग इंडिया'च्या संपादनाची धुरा वाहताना त्यांना कारावासही घडला.

त्यांच्या काटेकोरपणाची कसोटी बिहारमध्ये लागली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर उभारलेल्या मदतनिधीचे आर्थिक व्यवहार त्यांच्याकडे होते. कार्यकर्त्यांच्या भोजनासाठी त्यांनी रोजची तुटपुंजी मर्यादा ठरवली होती. समितीच्या कामासाठी गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले, तेव्हा त्यांच्या खानपानाचा व मोटारींचा खर्च भूकंपग्रस्तांच्या पैशांतून करता येणार नाही, हे कुमारप्पांनी निःसंकोचपणे सांगितले. गांधीजींना हा माणूस ग्रामोद्योगासाठी हवासा वाटला, यात नवल नाही. पुढे वर्ध्याला हीच हिशेबाची वही त्यांनी तांदळाच्या दाण्यासमोर आणि तेलाच्या घाण्यासमोर उघडली.

संघाच्या सल्लागार मंडळात रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन यांच्याबरोबरच कुन्नूरच्या आहारविषयक प्रयोगशाळेचे रॉबर्ट मॅककॅरिसन यांचेही नाव होते. खेड्यातील कारागिराचा अनुभव आणि प्रयोगशाळेतील विज्ञान यांची गाठ घालून द्यावी, हा त्यामागील हेतू होता. १९३५ च्या आरंभापासून एप्रिल १९३६ मध्ये शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत गांधीजी स्वतः मगनवाडीत राहिले. त्या काळात तेथील स्वयंपाकघर हीच एक प्रयोगशाळा झाली होती. सोयाबीन, हिरवा पाला, हातसडीचा तांदूळ, गूळ आणि जात्यावरचे पीठ यांचे प्रयोग तेथे रोजच्या पंगतीवर होत आणि त्यांचे निष्कर्ष 'हरिजन'मधून देशभर जात.

कुमारप्पांच्या विचाराची रीत समजण्यास तांदळाचे उदाहरण पुरेसे आहे. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करताना दाण्यावरील कोंड्याचा थर आणि अंकुर निघून जातो. त्याबरोबर जीवनसत्त्वे आणि स्निग्धांशही जातात. केवळ अशा तांदळावर जगणाऱ्या लोकांत बेरीबेरी बळावतो, हे त्यापूर्वी जावा बेटावरील संशोधनातून दिसून आले होते. मग गिरणीमालक तांदूळ इतका का घासतात? कुमारप्पांचे उत्तर व्यापाराच्या गणितात होते. कोंड्यातील तेलामुळे अनघासलेला तांदूळ लवकर खवट होतो आणि त्याला कीड लागते. तो दूर पाठवता येत नाही, फार दिवस साठवता येत नाही. दूरच्या बाजारपेठेसाठी माल तयार करायचा, तर त्यातले सत्त्व काढून टाकणे सोयीचे ठरते. म्हणून भात साळीच्या रूपात साठवावे, लागेल तसे गावातच सडावे आणि ताजे खावे, असा उपाय त्यांनी सुचवला. सालपटाच्या आत सुरक्षित असलेला दाणा हेच निसर्गाचे उत्तम कोठार आहे, ही गोष्ट शेतकरी स्त्रीला ठाऊक होती. तिच्या या जाणिवेला मगनवाडीने शास्त्राचा आधार दिला.

या मांडणीत एक अडचण होती आणि ती खरी होती. भात सडण्याचे आणि दळण्याचे कष्ट स्त्रियांच्याच वाट्याला येत. गिरणी आली तेव्हा अनेक घरांतील स्त्रियांना पहाटेच्या त्या श्रमांतून सुटका मिळाली. हा आक्षेप केवळ आहारशास्त्राच्या बळावर परतवणे शक्य नव्हते. म्हणून दाणा न मोडता आणि कोंडा न गमावता साळ सोलेल, अशा हलक्या चक्क्यांचे प्रयोग मगनवाडीत झाले. जाते हलके फिरावे यासाठी त्याच्या रचनेत सुधारणा करण्याचे प्रयत्न झाले. धूर बाहेर काढणारी मगन चूल आणि रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप हीही याच धडपडीची फळे होत. तरीही या बाबतीत मगनवाडीचे यश मर्यादितच राहिले. गिरणीचा वेग आणि शुभ्र तांदळाची प्रतिष्ठा यांपुढे सुधारलेले जाते टिकू शकले नाही.

घाण्याची कथा अधिक बोधप्रद आहे. झवेरभाई पटेल या कार्यकर्त्याने मगनवाडीत घाण्याच्या रचनेचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यातून सुधारलेला घाणा तयार झाला. पण त्यांच्या पाहणीचा खरा मोलाचा भाग यंत्राबाहेरचा होता. गावोगावचे घाणे बंद का पडत आहेत, याचा शोध घेतला असता, घाण्याची कार्यक्षमता हे त्याचे मुख्य कारण नसल्याचे आढळले. हंगाम संपताच तीळ, जवस, भुईमूग असा सारा गळिताचा माल व्यापाऱ्यामार्फत शहरात निघून जाई. तेल्याजवळ तो साठवून ठेवण्याइतका पैसा नसे आणि पुढे शहरातून परत विकत आणण्याची ऐपत तर नसेच. त्यामुळे उत्तम घाणा, धडधाकट बैल आणि पिढ्यान् पिढ्यांचे कसब असूनही तेली रिकामा बसे. कसबाचे भांडवल शाबूत होते; ते चालते ठेवण्यासाठी लागणारे धान्याचे भांडवल मात्र गावात उरले नव्हते. हंगामातच बियांचा साठा करून तेल्याला तो रास्त दराने पुरवावा, ही शिफारस या निदानातून निघाली.

गिरणीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जाई. गिरणी बियांतून अधिक तेल काढते, घाण्याच्या ढेपेत बरेच तेल वाया जाते. कुमारप्पांनी येथेही जमाखर्चाची दुसरी बाजू दाखवली. ढेपेत राहिलेले तेल वाया जात नाही. ते गावच्या गुराच्या पोटात जाते, त्यातून दूध व बैलाची ताकद मिळते आणि शेणाच्या रूपाने ते शेताला परत मिळते. बी गिरणीकडे गेले की तेलाबरोबर ढेपही गावाबाहेर जाते आणि जमिनीचा कस तेवढ्याने उणा होतो. गिरणीच्या ताळेबंदात या उणेपणाची नोंद कोठेच होत नसल्यामुळे तिचे तेल स्वस्त दिसते. जे खर्च कोणाच्याच वहीत लिहिले जात नाहीत ते अखेर जमीन, जनावर आणि गरीब माणूस सोसतात, हे सूत्र त्यांच्या साऱ्या अर्थशास्त्राच्या मुळाशी आहे.

गुळाबाबतही त्यांची दृष्टी हीच होती. उसाला सुपीक, पाण्याखालची जमीन लागते. तीच जमीन धान्य, डाळी आणि भाजीपाला पिकवू शकते. ताड आणि शिंदी ही झाडे मात्र पडीक जमिनीत वाढतात. त्यांच्या नीरेपासून गूळ केला, तर गोडीही मिळते आणि धान्याची जमीनही सुटते. गजानन नाईक यांनी सेवाग्राम परिसरात या ताडगुळाच्या कामाला वाहून घेतले.

या साऱ्या ज्ञानाचे पुढे काय करावयाचे, याविषयी मगनवाडीचे धोरण स्पष्ट होते. शोध लागताच तो सर्वांचा. 'ग्रामउद्योग पत्रिका' या मासिकातून, स्वस्त पुस्तिकांतून आणि ग्रामसेवकांच्या प्रशिक्षण वर्गांतून तो खेड्यांकडे पाठवला जाई. घाण्याची मापे, चक्कीची रचना, मधपेटीची मोजमापे यांत गुप्त ठेवण्यासारखे काही मानले गेले नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय याच विचाराचे दृश्य रूप होते. अवजार, ते चालवण्याची रीत आणि त्यातून निघणारा माल लोकांनी प्रत्यक्ष पाहून शिकावा, अशी त्याची मांडणी होती.

कुमारप्पांचे कार्यक्षेत्र मगनवाडीच्या कुंपणापुरते सीमित नव्हते. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. या समितीने ६०० हून अधिक खेड्यांची माहिती गोळा करून १९३९ मध्ये अहवाल सादर केला. दप्तरात बसून योजना आखण्याआधी गावात काय पिकते, काय खाल्ले जाते आणि काय बाहेर जाते हे मोजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीवर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु मोठ्या उद्योगांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या तेथील विचाराशी त्यांचे जमणे अशक्य होते. काही महिन्यांतच ते बाहेर पडले. देशाच्या पुढील आर्थिक वाटचालीत त्यांचा आवाज क्षीण का राहिला, याचे एक कारण त्यांच्या या फटकळ, तडजोड न मानणाऱ्या स्वभावातही शोधावे लागते.

युद्धकाळात सरकार छापील नोटांच्या बदल्यात खेड्यांतील धान्य व माल उचलते आहे आणि त्यातून चलनवाढ व उपासमार ओढवणार आहे, असे त्यांनी उघडपणे लिहिले. सरकारी रोषाची त्यांना पर्वा नव्हती. भारत छोडो आंदोलनाच्या काळात त्यांचा मुक्काम जबलपूरच्या तुरुंगात होता. तेथेच त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकाला गांधीजींची प्रस्तावना लाभली. गांधीजींनी त्यांना ग्रामोद्योगाचे डॉक्टर ही पदवीही गमतीने बहाल केली.

या ग्रंथात त्यांनी मानवी व्यवहाराचे पाच प्रकार निसर्गातील दाखल्यांनी समजावले. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ, काही न पेरता आमराई ओरबाडणारे माकड, स्वतःच्या श्रमाने घरटे बांधणारा पक्षी, साऱ्या पोळ्यासाठी मध गोळा करणारी मधमाशी आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवणारी पक्षीण, अशी ही चढती श्रेणी आहे. त्यातील मधमाशी मध घेताना फुलाचे नुकसान करीत नाही, उलट परागीभवन घडवून पुढच्या फळाची सोय करते. अन्नाचा उद्योग असा असावा, ही त्यांची अपेक्षा होती. लोखंड, कोळसा, खनिज तेल यांचे साठे वापराबरोबर संपतात, तर माती, पाणी, वनस्पती आणि श्रम यांचे चक्र नीट सांभाळले तर ते चालूच राहते. अन्नव्यवस्था या दुसऱ्या प्रकारच्या साधनांवर उभी असावी, असे ते सांगत होते. शाश्वत विकास हा शब्दप्रयोग १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानंतर जगभर रूढ झाला. जबलपूरच्या कोठडीतील ही मांडणी त्याआधी चार दशकांहून अधिक काळ झाली होती.

समतोल शेती ही त्यांची कल्पना याच विचाराची व्यावहारिक बाजू होय. १ लाख लोकसंख्येचा प्रदेश घटक धरून, प्रत्येक माणसाला रोज सुमारे २८६० कॅलरींचा समतोल आहार मिळावा यासाठी धान्य, डाळी, गूळ, तेलबिया, भाजीपाला, फळे आणि कपड्यापुरता कापूस यांखाली किती जमीन हवी, याचे कोष्टक त्यांनी तयार केले. नगदी पिकांच्या मागे लागून गावाने आपले अन्न बाजारातून विकत घेण्याची वेळ आणू नये, हा त्यामागचा उद्देश होता. कापसाच्या भावावर ज्यांचे वर्षभराचे भवितव्य ठरते, त्या वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यांना या कोष्टकाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९४९ च्या अहवालात मध्यस्थांचे उच्चाटन आणि कसणाऱ्याच्या हाती जमीन यांचा जोरदार पुरस्कार होता. पण देशाची दिशा एव्हाना वेगळी ठरत होती. ट्रॅक्टर शेण देत नाही आणि रासायनिक खत जमिनीला क्षणभराची उभारी देऊन तिचा कस ओढून घेते, हे त्यांचे इशारे अन्नटंचाईने गांजलेल्या राज्यकर्त्यांना मागासलेले वाटले. देशाला तातडीने अधिक धान्य हवे होते, हेही तितकेच खरे. या टप्प्यावर कुमारप्पांनी दिल्लीचा नाद सोडला आणि वर्ध्याजवळच्या सेलडोह येथे पन्नई आश्रम उभारला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. कोष्टकात मांडलेली समतोल शेती प्रत्यक्षात करून दाखवावी, हा त्यांचा मानस होता. मात्र उच्च रक्तदाबाने प्रकृती खालावत गेली आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातच त्यांना वर्धा सोडावे लागले. मदुराईजवळील टी. कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात ते राहावयास गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रासच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात मगनवाडीतले ज्ञान अगदीच विरून गेले नाही. ग्रामोद्योगाच्या संशोधनासाठी १९५५ मध्ये जमनालाल बजाज यांच्या नावाने वर्ध्यात संस्था स्थापन झाली आणि तिचेच रूपांतर पुढे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत झाले. कुमारप्पांच्या सहवासात घडलेले देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. शूमाखर यांच्या १९७३ मधील 'स्मॉल इज ब्युटिफुल' या गाजलेल्या पुस्तकात कुमारप्पांचा आधार घेतलेला आढळतो. पुण्या-मुंबईच्या दुकानांतून आता लाकडी घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ आणि सेंद्रिय गूळ मानाने मांडला जातो. त्यांचे भाव सामान्य तेलातांदळापेक्षा चढे असतात आणि जे अन्न एके काळी गरिबाचे होते ते परवडणाऱ्यांचे झाले आहे. कुमारप्पांना हा विजय वाटला असता का, याची शंकाच आहे. ज्ञान गावात राहावे, मोल गावात राहावे आणि पोषणही गावात राहावे, हा त्यांचा आग्रह होता. बाजाराने त्यांचे पदार्थ उचलले. तेल्याच्या घरी हंगामात बियांचा साठा कसा राहील, हा त्यांचा प्रश्न मात्र बव्हंशी तेथेच राहिला.

कल्लुपट्टीच्या झोपडीत त्यांनी एका गरीब खेडुताचे चित्र लावले होते. येणाऱ्या पाहुण्याला ते त्याची ओळख आपल्या गुरूचा गुरू अशी करून देत. लंडनच्या पेढीत कधी काळी भागधारकांसाठी ताळेबंद तपासणाऱ्या या माणसाने पुढचे सारे हिशेब त्या चित्रातील माणसाला दाखवण्यासाठी लिहिले होते.